आयटीआयत ईएस शिकवताय? भारतस्किल्स पोर्टल आणि त्यावरचं मटेरियल, वर्गात वापरून बघितल्यावर

ज्यांना आयटीआयत नव्याने ईएस, म्हणजे एम्प्लॉयबिलिटी स्किल्स, शिकवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. भारतस्किल्स पोर्टलवरचं मटेरियल जरूर घ्या, फुकट आहे आणि खरंच कामाचं आहे, फक्त पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, शेवटचा मॉड्यूल आधी घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.

मी बीकॉम, आधी पतसंस्थेत काउंटरला होते. या विषयाचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, व्हायला कुठलीही डिग्री, दोन वर्षांचा अनुभव आणि वर ईएसचं टीओटी, म्हणजे शिकवणाऱ्यांचं ट्रेनिंग, असं चालतं, म्हणून इकडे वळले आणि सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका आयटीआयत सिनियर मॅडमच्या हाताखाली तास घेतेय. वीजतंत्री आणि जोडारीची (फिटर) पोरं, आणि कोपाची, म्हणजे कॉम्प्युटरच्या ट्रेडची, बॅच, त्यात मुली जास्त.

पोर्टल डीजीटीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं आहे, २०१९ ला सुरू झालं. सिलॅबस, ई-बुक, प्रश्नसंच, सरावाचे पेपर, व्हिडिओ सगळं एका जागी मिळतं आणि निमी या आयटीआयची पुस्तकं काढणाऱ्या सरकारी संस्थेची काही ट्रेडची पुस्तकं मराठीतही आहेत. पोरांकडे मोबाईल असतोच, पीडीएफ एकदा डाउनलोड करून ग्रुपवर टाकली की झालं, झेरॉक्सचा खर्च वाचतो. ईएसचा नवा सिलॅबस २०२२ चा. एक वर्षाच्या ट्रेडला १२० तास, दोन वर्षांच्या ट्रेडला दुसऱ्या वर्षी अजून ६०. संविधानातली मूल्यं, बेसिक इंग्लिश, कम्युनिकेशन, पैशाचे आणि कायद्याचे व्यवहार, डिजिटल, उद्योजकता, कस्टमर सर्व्हिस असे बारा मॉड्यूल आहेत आणि अॅप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) आणि नोकरीची तयारी हा सगळ्यात शेवटी.

माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. पोरगा आयटीआयला येतो तो हाताला काम लागावं म्हणून. वर्कशॉप सोडून ईएसच्या तासाला बसायचं तर त्याच्या डोक्यात एकच असतं, याचा मला काय उपयोग. आणि ज्या मॉड्यूलमध्ये त्याचं उत्तर आहे तो येईपर्यंत सगळे प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या गडबडीत असतात. मॅडमना विचारून मी एका बॅचला अॅप्रेंटिसशिप आधी घेतली. फळ्यावर फक्त स्टायपेंड लिहिलं आणि वर्ग जागा झाला. अॅप्रेंटिसशिपचा १९६१ चा कायदा काय म्हणतो, २०१९ च्या नियमांत आयटीआय सर्टिफिकेटवाल्याला महिन्याला किमान ७००० कसे धरले होते (शिकवायच्या आधी चालू आकडा बघून घ्या), त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १५००, वाटा नॅप्स या अॅप्रेंटिसशिपच्या योजनेत केंद्र सरकार कसा उचलतं, हे सगळं निघालं. हा वाटा थेट पोराच्या खात्यात येतो म्हणल्यावर मागून आवाज आला, मॅडम खातं आधारला लिंक लागतं का? झालं, पैशाचे व्यवहार आणि डिजिटल दोन्ही मॉड्यूल त्या एका प्रश्नातून सुरू झाले, मला वेगळी प्रस्तावना करावी लागली नाही. एकाने विचारलं पीएफ कापतात का, तर त्यावरून शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार धरला जात नाही, म्हणून पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) त्याला लागू नाही, आणि करारावर सही करायच्या आधी तो पूर्ण वाचायचा, इथपर्यंत गेलो. बेल झाली तरी दोघंतिघं टेबलापाशी उभेच.

आता कम्युनिकेशनबद्दल, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त तिथं मिळालं, आणि ते पुस्तकातून नाही, वर्कशॉपमधून. वीजतंत्रीच्या निदेशक सरांची एक पद्धत आहे, बोर्डाला हात लावायच्या आधी पोराने मोठ्याने सांगायचं काय करणार ते. "सर, मेन बंद केलंय, फ्यूज काढून खिशात ठेवलाय, आता टेस्टरने बघतो." एवढं सांगितल्याशिवाय पक्कड उचलायची नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि वर्गात "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणलं की मान खाली घालणारा पोरगा इथे न अडखळता बोलत होता. ते बघून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, आपण कशाला या कामात आलो ते कळल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मॉक इंटरव्ह्यू तिथूनच सुरू केला. आधी मराठीत, तू शेवटचं केलेलं काम पहिल्यापासून सांग, मग तेच तीन-चार सोप्या इंग्लिश वाक्यांत. आय स्विच ऑफ द मेन. आय रिमूव्ह द फ्यूज. व्याकरण नंतर बघू, पण बोलणं त्याचं स्वतःचं असतं आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

कस्टमर सर्व्हिसचा रोलप्लेही असाच केला. एक पोरगी आजी झाली, एकजण पंखा दुरुस्त करायला आला. चप्पल बाहेर काढली का, रेट आधी सांगितला का, वायरीचे तुकडे उचलून नेले का, यावर वर्गानेच मार्क दिले आणि वाद पण घातले. व्हिजिट चार्ज घ्यायचा का नाही यावर तर अर्धा तास गेला आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही, उद्योजकतेत तेच तर शिकवायचंय.

याआधी मी एका खासगी ठिकाणी पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा पैसे भरून कोर्स केला होता, नाव घेत नाही. तिथे उत्तरं पाठ करून घेतात, माझा वीकनेस म्हणजे मी फार परफेक्शनिस्ट आहे वगैरे. सगळ्यांचं एकच उत्तर. त्यापेक्षा हे सरकारी मटेरियल कितीतरी बरं, निदान पोरांना काहीतरी करायला लावतं.

एक स्टार का कापला? मॉड्यूलच्या क्रमासाठी, आणि हा विषय नुसता वाचून दाखवायचा म्हणलं तर अगदी कोरडा होतो म्हणून. परीक्षा सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवर, प्रश्न वस्तुनिष्ठ, त्यामुळे प्रश्नसंच पाठ करून पास होता येतं आणि बरेच तेच करतात. सरावाचे पेपर जरूर सोडवून घ्या पण ते शेवटच्या महिन्यात. आणि नव्याने लागणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात आपल्या बॅचच्या ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसा, निदेशकांना आधी विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. मी आता जोडारीच्या वर्कशॉपला जायला लागलेय, तिथली पोरं मापं कशी सांगतात ते वहीत उतरवून घेतेय, पुढच्या बॅचचं बेसिक इंग्लिश त्यावरूनच घेणार.