क्लॅरेंडन की रॉकवेल? बोर्ड, लेबल, लोगोसाठी कोणता घ्यायचा

दोन्ही इंग्रजी फाँट स्लॅब सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांना जाड आडव्या पट्ट्या, त्यामुळे लोक यादीत जो आधी दिसेल तो उचलतात. पण स्वभाव पार वेगळे आहेत.

क्लॅरेंडन 1845 चा, लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत (छपाईचे खिळे ओतायचा कारखाना) रॉबर्ट बेस्लीने काढलेला, बेंजामिन फॉक्सने कोरलेला. मूळ काम काय, तर साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक दिसावा, डिक्शनरीत असतो तसा, कारण बोल्डचं बटण तेव्हा कुठे होतं! म्हणून पट्टी दांड्याला गोलाई घेऊन मिळते, रेषेत थोडा जाड-बारीक फरक आहे, स्मॉल ए, सी, आरच्या टोकाला टपोरे गोळे आहेत, आणि यामुळे एवढा जाड असूनही तो वाचताना टोचत नाही. बेस्लीला कायद्याने तीनच वर्षं संरक्षण मिळालं, मग बाकीच्यांनी धडाधड नकला काढल्या.

रॉकवेल मोनोटाइप या फाँट कंपनीचा, 1934 चा. ओ जवळपास कंपासने काढलेला, रेषा सगळीकडे साधारण सारखी, पट्टीचे कोपरे काटकोनात, कॅपिटल एच्या डोक्यावरसुद्धा पट्टी. जिम, गॅरेज, पोस्टरवरचा मोठा आकडा, असलं काही असेल तर मस्तच. पण त्यात अख्खा परिच्छेद लावू नका हो, गोल अक्षरं जागा खातात आणि चार ओळींत डोळे थकतात. बोल्ड तर बारीक साइजला स्वस्त कागदावर छापला की ईचं पोट शाईने भरून जातं.

लोणचं, बेकरी, कॉफी, जुन्या वळणाचं काहीही असेल तर माझं मत सरळ क्लॅरेंडनला.

पैशाचं म्हणाल तर रॉकवेल मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत बऱ्याच जणांकडे आलेला असतो, पण वेबसाइटवर टाकायचा तर लायसन्स वेगळं बघावं लागतं. फुकटात हवं असेल तर गूगल फाँट्सवर क्लॅरेंडनच्या वळणाचा 'बेस्ली' आहे (नाव त्याच माणसाचं), रॉकवेलच्या जवळचा 'रॉकिट'. मला बेस्ली जास्त पक्का वाटतो.

मराठी नावही त्याच बोर्डवर असेल तर या दोघांत देवनागरी नाही, जोडी लावावी लागते. रॉकवेलशेजारी 'मुक्ता' बसतो, क्लॅरेंडनशेजारी जाड-बारीक रेषेचा एखादा बघा. फक्त उभ्या दांड्याची जाडी जुळवा आणि मराठी थोडं मोठं ठेवा, सारख्या पॉइंट साइजला ते बऱ्याचदा बारकं दिसतं.