ओटीपी दिला की लायसन्स एजंटच्या मुठीत

नवी स्कूटर बुक करताना शोरूममध्ये हमखास विचारतात, "लायसन्स आहे ना? नसेल तर आपला माणूस आहे, घरबसल्या काढून देतो. टेस्टची कटकट नाही." तीन-चार हजार सांगितले जातात. गाडीच्या ऑन-रोड किमतीपुढे ते किरकोळ वाटतात आणि पहिल्यांदाच स्कूटर चालवणारी माणसं हो म्हणून मोकळी होतात. त्या होकारानंतर जे घडतं, ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं.

एजंट व्हॉट्सअॅपवर आधार कार्डाचा फोटो मागवतो. थोड्या वेळाने फोन येतो, "ओटीपी आला असेल, सांगा." हा आधार ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याचा ओटीपी. तो टाकला की लायसन्सचे अर्ज भरायच्या सरकारी सारथी पोर्टलवर नाव, पत्ता, जन्मतारीख आपोआप भरली जाते. त्याच अर्जात मोबाइल नंबरचा रकाना असतो आणि तिथे एजंट स्वतःचा नंबर टाकतो. खरा घात इथेच होतो, पण अर्जदाराला तो दिसत नाही. कारण यापुढे अर्ज क्रमांक, शिकाऊ परीक्षेचा पासवर्ड, स्लॉटचा म्हणजे टेस्टच्या तारीख-वेळेचा मेसेज हे सगळं एजंटच्या फोनवर जातं. अर्ज तुमच्या नावाचा, पण किल्ली त्याच्याकडे.

महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या देता येते. १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. एजंट म्हणतो, "कॅमेऱ्यासमोर फक्त चेहरा ठेवा, उत्तरं आमचा मुलगा देईल." यात रस्त्याच्या खुणा शिकायच्या राहतात ते वेगळंच, पण तोतया परीक्षेत तुम्हीही भागीदार होता आणि नंतर तक्रार करायची म्हटली तर तोंड उघडायची चोरी.

शिकाऊ लायसन्सची पीडीएफ हातात पडते तेव्हा वाटतं, काम झालं. उलट, पैसे उकळायला सुरुवात इथून होते. शिकाऊ लायसन्स ६ महिनेच चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी देता येते. म्हणजे हातात जेमतेम ५ महिने. एजंट म्हणत राहतो, "स्लॉट फुल आहेत", "सर्व्हर बंद आहे", "साहेब रजेवर आहेत, वर थोडे द्यावे लागतील". एकदा मुदत संपली की शिकाऊ लायसन्सपासून पुन्हा सुरुवात आणि पुन्हा फी. स्लॉटला वेगळे पैसे नसतात. पोर्टलवर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की मोकळ्या तारखा दिसतात.

फीचे आकडे माहीत नसल्यामुळेच तीन-चार हजार खपून जातात. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे १५० रुपये आणि त्याच्या परीक्षेचे ५०. पुढे वाहन चाचणीचे ३००, लायसन्सचे २०० आणि स्मार्टकार्डाचे २००. बेरीज ९००. त्यावर टपाल आणि किरकोळ सेवाशुल्क. स्कूटरबरोबर कारही लावली तर शिकाऊ लायसन्सचे १५० आणि चाचणीचे ३०० आणखी लागतात. एजंट कोणताही असो, सरकारी पावती मागाच. तो 'सगळं धरून' म्हणाला की समजा, पावती दाखवायची नाही.

पक्क्या लायसन्सच्या टेस्टमध्ये पाय न टेकता गाडीने आठचा आकडा काढावा लागतो. एजंटचं दुकान चालतं ते या आठच्या भीतीवर. "मैदानात पाय टेकला की नापास, मग सहा महिने गेले," असं सांगून घाबरवतात. हे साफ खोटं आहे. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. लागोपाठ तीनदा नापास झालात तरच ६० दिवस थांबावं लागतं. आणि स्कूटरवर आठ काढणं अवघडही नाही. मोकळ्या मैदानात खडूने मोठा आठ आखा. अॅक्सिलरेटर एकाच जागी अगदी थोडा धरा आणि वेग डाव्या हाताच्या ब्रेकने हलकेच आवरा. हँडल वळलेलं असताना उजवा म्हणजे पुढचा ब्रेक दाबलात की गाडी कलते आणि पाय टेकतो. नवशिक्यांची बहुतेक चूक हीच. नजर चाकाजवळ नको, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. टेस्टला हेल्मेट, गाडीचं आरसी, विमा आणि पीयूसी घेऊन जा. सरावाच्या काळात पांढऱ्यावर लाल 'एल' लावणं बंधनकारक आहे आणि मागे पक्कं लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्तीच बसू शकते.

आणखी एक गडबड उशिरा कळते. अर्जात 'विना गिअर' आणि 'गिअरसह' हे दोन वेगळे वर्ग आहेत. एजंटने विना गिअर टाकलं असेल तर त्या लायसन्सवर गिअरची बाइक चालवता येत नाही आणि तो वर्ग जोडायला पुन्हा अर्ज, पुन्हा चाचणी. पीडीएफ हातात आल्या आल्या आधी वर्ग वाचा.

सगळ्यांत घातक प्रकार नकली कार्डाचा. कार्ड दिसायला हुबेहूब असतं. नंबरची रचनाही बरोबर असते: एमएच, आरटीओचा दोन आकडी कोड, चार आकडी वर्ष, मग सात आकडे. त्यामुळे कार्डावर विश्वास ठेवू नका. परिवहन पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. नाव आणि वर्ग जुळले पाहिजेत, शिवाय डिजिलॉकरमध्येही ते यायला हवं. नकली लायसन्सवर अपघात झाला तर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मिळत नाही. समोरच्याला दिलेली भरपाईसुद्धा विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. बनावट कागद जाणूनबुजून वापरणं हा स्वतंत्र गुन्हा, तो वेगळाच.

'आता आरटीओत टेस्टच नाही, आमच्या क्लासचं सर्टिफिकेट चालतं' हेही ऐकायला मिळतं. २०२४ च्या जूनच्या सुमारास अशा बातम्या खूप फिरल्या होत्या. सूट आहे ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांना, ज्यांच्याकडे दुचाकी-कारसाठी किमान एक एकर जागा असावी लागते. गल्लीतल्या मोटार ट्रेनिंग स्कूलला ती लागू नाही.

पालकांना वेगळं जाळं लावतात: "१६ वर्षांचं लायसन्स निघतं." निघतं, पण ५० सीसीपर्यंतच्या विना गिअर गाडीसाठी. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या असतात, त्यांना १८ पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने त्या चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'लायसन्स लागत नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या ई-स्कूटरचंही तसंच. सूट आहे ती २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या गाडीलाच. विक्रेत्याने कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारा भाग) बदलून ती ताशी चाळीसने पळवली की तीच गाडी विनानोंदणी, विनालायसन्स ठरते.

फॉर्म स्वतः भरायचा तर गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असेल तीच खरी साइट. फी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जात नाही. 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) आली तर उघडूच नका, ती फोनमधले ओटीपी चोरते.

अर्ज एजंटकडे अडकलाच असेल तर सारथीवर नाव आणि जन्मतारखेवरून अर्ज क्रमांक शोधा, मोबाइल नंबर बदलून घ्या आणि स्लॉट स्वतः घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. 'साहेबांसाठी' म्हणून पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. नकली कार्ड असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून मूळ कार्ड पोलिसांत द्या. रागाच्या भरात एजंटचं चॅट मात्र डिलीट करू नका. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटसकट ते एक्सपोर्ट करून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा लागतो.