वीज की बॉम्ब? युरेनियम तेच, प्रमाण वेगळं

घारापुरीच्या लाँचमधून ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांचे घुमट दिसले की कुणीतरी विचारतंच, "हे बॉम्बसारखं फुटलं तर?" तसं फुटणार नाही. खाणीतल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५, म्हणजे सहज फुटून ऊर्जा देणारा प्रकार, जेमतेम ०.७ टक्के असतं. तारापूरच्या १९६९ सालच्या अणुभट्ट्यांना ते दोन-तीन टक्के लागतं. तिथल्याच जड पाण्याच्या (त्यातला हायड्रोजन जड प्रकारचा असतो) नव्या भट्ट्यांना नैसर्गिक युरेनियमही चालतं. बॉम्बला मात्र साधारण ९० टक्के हवं.

पण दोन्ही वाटा अगदीच वेगळ्या नाहीत, हे मान्य करायलाच हवं. १९७४च्या पोखरण अणुचाचणीचं प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बला चालणारं दुसरं इंधन, ट्रॉम्बेच्याच सायरस भट्टीतल्या युरेनियमपासून मिळालं होतं. आणि भट्टीची खरी भीती निराळीच: बंद केल्यावरही इंधन तापतच राहतं, थंड करणारं पाणी थांबलं की वितळतं. फुकुशिमात २०११ साली तेच झालं.