तीन क्लाउड, एक टेम्प्लेट: टेराफॉर्मच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडवर कुबरनेटीसचे (कंटेनरमधले प्रोग्रॅम अनेक मशीनवर चालवणाऱ्या प्रणालीचे) क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनचे गट, उभे करण्यासाठी मी गेले आठ महिने टेराफॉर्म हे कोडवरून क्लाउडमधील यंत्रणा उभारणारे साधन वापरत आहे. क्लस्टरचे नाव, प्रदेश, मशीनचा प्रकार आणि नोडची (क्लस्टरमधल्या मशीनची) संख्या एवढी चार मूल्ये भरली की तिन्हीकडे सारखेच क्लस्टर तयार व्हावे, या अपेक्षेने मी एक सामाईक मॉड्यूल (पुन्हा वापरता येणारा टेराफॉर्म कोडचा भाग) लिहिले होते. दुसऱ्याच महिन्यात त्यात इतक्या अटी साचल्या की ते मी मोडीत काढले.

बहुतेक अटी नेटवर्कमुळे आल्या. अमेझॉनच्या ईकेएस या कुबरनेटीस सेवेच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पॉडला (नोडवर चालणाऱ्या कामाच्या सर्वात लहान एककाला) व्हीपीसी या खासगी नेटवर्कच्या सबनेटमधलाच (उपविभागातलाच) आयपी पत्ता मिळतो, त्यामुळे एका नोडवर किती पॉड मावतील हे मशीनच्या प्रकारावर अवलंबून असते आणि एम५.लार्ज या प्रकारच्या मशीनवर ती मर्यादा २९ इतकीच आहे. गूगलच्या जीकेई या कुबरनेटीस सेवेच्या स्टँडर्ड क्लस्टरमध्ये ती मुळात ११० असते, पण त्यासाठी दर नोडमागे २५६ पत्ते राखून ठेवले जातात. हा हिशेब मी आधी केला नव्हता. निम्मी मेमरी रिकामी असताना पॉड सुरू न होता पेंडिंग का राहतात, हे शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला.

आता प्रत्येक क्लाउडसाठी वेगळे मॉड्यूल आहे, फक्त इनपुटची नावे समान ठेवली आहेत. आवृत्तीचे मूल्य मात्र मुद्दाम सामाईक ठेवलेले नाही, कारण कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि त्या सर्व सेवांवर एकाच वेळी पोहोचत नाहीत.

‘प्लॅन’ या, काय बदलेल ते आधी दाखवणाऱ्या टेराफॉर्मच्या आदेशाचे उत्तर शब्दन् शब्द वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावीच लागते. जीकेईच्या नोडपूलमधील (सारख्या नोडच्या गटातील) सुरुवातीची नोडसंख्या बदलली, तर तो पूल पाडून नव्याने बांधला जातो, आणि ही सूचना त्या लांबलचक मजकुरात एका ओळीत येते. गरजेनुसार नोड कमीजास्त करणाऱ्या ऑटोस्केलरने वाढवलेले नोड पुढच्या ‘अप्लाय’मध्ये (बदल प्रत्यक्ष करणाऱ्या आदेशात) कमी होऊ नयेत, म्हणून ईकेएसच्या नोडगटातील अपेक्षित संख्येतला बदल दुर्लक्षित करण्याची सूचना मॉड्यूलमध्येच लिहावी लागली.

उभारलेल्या गोष्टींची नोंद टेराफॉर्म ज्यात ठेवते त्या स्टेट फाइलबद्दल माझी नाराजी कायम आहे, कारण तिच्यात पासवर्ड साध्या मजकुरात उतरू शकतात. टेराफॉर्मपासून वेगळ्या निघालेल्या ओपनटोफू या मुक्त साधनामध्ये १.७ या आवृत्तीपासून स्टेट एन्क्रिप्ट करण्याची सोय आहे. त्यामुळे पुढचे क्लस्टर मी त्यावर उभारणार आहे.