महाराजबाग की लाँगवूड?

उद्यानविद्येत एम.एस्सी. केलेल्या नागपूरकराला सार्वजनिक बाग चालवायला शिकायचं असेल, तर एक वाट अगदी घराजवळची आहे. भोसल्यांच्या काळातली महाराजबाग आज कृषी विद्यापीठाकडे आहे आणि १९०६ सालचं कृषी महाविद्यालयही शेजारीच. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की कोणतं रोप तगतं, हे पुस्तकात कुठे कळतं? जोडीला बेंगळुरूच्या लालबागेचा दौरा करावा, तोही जानेवारी किंवा ऑगस्टच्या पुष्पप्रदर्शनात. फुलं सोडून गर्दी आणि तिकीटखिडकी बघावी.

दुसरी वाट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची, लाँगवूड गार्डन्सची फेलोशिप. (उद्योगपती पिअर ड्यू पाँट यांनी ती जागा घेतली तीही १९०६ मध्येच.) मुक्काम १३ महिन्यांचा, आणि अभ्यास झाडांपेक्षा माणसांचा अन् पैशांचा. अंदाजपत्रक, कर्मचारी, विश्वस्त मंडळ, शिवाय काही काळ दुसऱ्या संस्थेत काम. आपल्या एम.एस्सी.चा भर लागवडीवर, त्यामुळे ही बाजू कोरीच राहते.

तरी माझा कौल आधी महाराजबागेला, फेलोशिप नंतर. देणगीवर चालणाऱ्या बागेचं गणित अनुदानावरच्या बागेला जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि कुठे अडतं ते इथे उन्हाळे काढलेल्यालाच विचारता येतं.