बिव्ही बॅग, वर्षभर वापरून: कापड पास, चेन नापास

रनर फाकला. बिव्ही बॅगेला, म्हणजे तंबूऐवजी स्लीपिंग बॅगेवर चढवायच्या पाणी अडवणाऱ्या खोळीला, बाकी कुठे ओरखडा नाही, शिवण उसवलेली नाही, तळाला भोक नाही. फक्त छातीवरून डोक्याकडे वळणाऱ्या चेनचा रनर फाकला आणि साडेसहा हजारांची वस्तू एका रात्रीत निकामी झाली. चेन ओढली की दात जुळल्यासारखे वाटतात, रनर वीतभर पुढे गेला की मागचे दात आपसूक सुटतात. दहादा मागेपुढे केलं की एखाद्या वेळी धरते. तेवढ्यात आपण कूस बदलतो आणि फट पुन्हा मोकळी.

कंपनीला मेल टाकला. बिल, फोटो, व्हिडिओ, जे जे मागितलं ते ते दिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: झिप हा वापराने झिजणारा भाग असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही. मग वॉरंटीत बसतं काय, असं विचारलं. कापडही वापरानेच झिजतं ना? त्यावर दुसऱ्या कोणीतरी बाई आल्या, अत्यंत गोड भाषेत ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ म्हणाल्या, बॅग पाठवा, तपासून कळवू, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमचं, असं सांगून तिकीट बंद करून मोकळ्या झाल्या. बंद झाल्या मिनिटाला मोबाईलवर मेसेज: आमच्या सेवेला किती स्टार द्याल? तिथे द्यायचे ते दिले. सविस्तर इथे लिहितो.

कापडाचे थर, वजन, पाण्याच्या दाबाचा आकडा हे सगळं कंपनीच्या पानावर आहे, ते पुन्हा उगाळत नाही. मी ही बॅग घेतली ती आकाशासाठी. नागपुरात गच्चीवर जाऊन वर पाहिलं तर मोजके तारे दिसतात. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरला आणि आमच्या मंडळींना रात्री बाहेर पडायचा चळ लागला. तिथे उघड्यावर झोपायचं मात्र नाव काढू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय वाघ, बिबट आणि अस्वलाच्या मुलखात माणसाने जमिनीवर आडवं पडून राहू नये एवढं कळायला कोणाच्या रिव्ह्यूची गरज नाही. म्हणून आमचा मुक्काम काटोलकडे, मामांच्या वावरात. तुरीत रोही (नीलगायी) आणि हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून मामा थंडीभर जागलीला असतात. त्यांची बाज, त्यांची घोंगडी, शेजारी शेकोटी. मला पहिल्यांदा बॅगेत शिरताना पाहून म्हणाले, “झोपाले आला का पार्सल व्हाले?”

पण थंडीत या बॅगेने पैसे वसूल केले, हे आधी सांगून टाकतो. नागपूरची थंडी बाहेरच्यांना गंमत वाटते. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि शहराबाहेर वावरात त्याहून गारच. माझी स्लीपिंग बॅग जुनी, जागोजागी चपटी झालेली. नुसत्या तिच्यात पहाटे तीननंतर झोप लागायची नाही. बिव्हीत घातल्यावर तीच सकाळपर्यंत पुरते, कारण वारा आत येत नाही. नवीन जाड स्लीपिंग बॅगेचे पैसे वाचले. मिथुनेतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो. त्यासाठी तंबूतून दर वेळी डोकं बाहेर काढणं आणि उताणं पडून डोळ्यांसमोर अख्खं आकाश असणं यात फार फरक आहे. तंबू लावा, खुंट्या ठोका, सकाळी घड्या घाला, तेही नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सपाट जागा बघायची, चटई आत सरकवायची, शिरायचं. चटई आतच ठेवा. बाहेर ठेवली तर मध्यरात्री आपण एकीकडे आणि चटई दुसरीकडे. आणि हवा भरायची गादी अजिबात नेऊ नका. बाभळीच्या एका काट्यात कार्यक्रम संपतो. फोमची चटई बरी.

सकाळी बॅग आतून ओली असते, ही सगळ्यांची तक्रार. आमच्यातल्या एकाने तर ‘गळते’ म्हणून दुकानदाराशी भांडण काढलं, आणि त्या रात्री पाऊस नव्हता! माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. तंबूत त्याला पसरायला जागा असते, इथे छत नाकापासून चार बोटांवर. वरून निरभ्र रात्री कापडाची आकाशाकडची बाजू उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही गार होते. मग बाहेरून दहिवर, आतून वाफेचे थेंब. याला कापड एकट्याने काही करू शकत नाही. तोंड कापडाखाली घेऊन झोपायचं नाही, नाक बॅगेच्या जाळीसमोर ठेवायचं, कितीही हिव लागलं तरी. नाल्याच्या काठी, खोलगट जागी गार हवा साचते, तिथे दहिवर सर्वात जास्त. दोन-तीन हात उंच धुऱ्यावर फरक पडतो. झाडाखाली तर बॅग जवळजवळ कोरडी राहते, कारण फांद्यांमुळे कापड उघड्या आकाशासमोर येत नाही. पण झाडाखालीच झोपायचं तर बॅग घेतली कशाला?

इतकं करूनही पायाकडचा भाग ओला होतोच. तळव्यांपाशी स्लीपिंग बॅग बिव्हीच्या कापडाला टेकलेली असते, तिथे सकाळी हात लावला तर गार ओलसर गोळा लागतो. दुपट्ट्याने आतून पुसायचं, उलटी करायची, मामांच्या बाजेवर उन्हात टाकायची. थंडीतल्या उन्हात चहा होईस्तोवर वाळते. तळ मात्र वाळवताना नीट बघा. कुसळी गवत असलेल्या जागी झोपलात तर कुसळं जाळीत आणि कडेच्या शिवणीत घुसलेली असतात, आणि त्यांना आत जायचंच कळतं, बाहेर यायचं नाही. मागून ओढली की जाळीचा धागा येतो. टोकाच्या बाजूने चिमट्याने धरून पुढे काढायची.

आता चेनकडे येतो. एवढ्या चांगल्या बॅगेत एका रनरवर मी का अडून बसलोय, असं वाटेल. थंड मुलखात लोक चेन लावतात ती वाऱ्यासाठी आणि बर्फासाठी. आपल्याकडे ती मण्यारीसाठी असते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि चावली तरी बऱ्याचदा धड दुखत नाही, खूणही दिसत नाही. माणूस उठतो तो पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून, आणि तोवर विष नसांवर चढलेलं असतं. विदर्भातल्या काळ्या मातीला भेगा, भेगांत उंदीर, उंदरांमागे साप, शिवाय विंचू. कडक थंडीत साप फार फिरत नाहीत, मान्य. पण दिवाळीच्या आसपास आणि फेब्रुवारी सरता सरता रात्री उबदारच असतात. म्हणून मला बॅग पूर्ण बंद होणारी हवी होती. बोटभर फट राहिली तर मग गोधडी काय वाईट होती?

आणि हीच चेन कंपनीने सर्वात कंजुषीने बसवली आहे. पाणी शिरू नये म्हणून चेन उलटी लावलेली, दात आतल्या बाजूला, वरून रबरासारखा लेप. त्यामुळे ती मुळातच घट्ट चालते. त्यात खांद्यापाशी काटकोनाच्या जवळ जाणारं वळण. आतून, झोपल्या झोपल्या, एका हाताने ओढायची तर त्या वळणावर रनर तिरका होतो आणि सगळा जोर त्याच्या एका कडेवर येतो. वर काळ्या मातीची धूळ दातांत बसते आणि रनरच्या आतल्या भिंती घासत राहते. भिंती झिजल्या की दात पुरेसे दाबले जात नाहीत. म्हणून चेन शाबूत असूनही उघडते. वळण जरा मोठ्या घेराचं दिलं असतं आणि चेन-रनर एक आकडा मोठे घातले असते तर कंपनीचा खर्च कितीसा वाढला असता?

पावसाळ्याचं काय ते ऐका. श्रावणात नागद्वारला गेलो होतो. नागपंचमीच्या आधी विदर्भातून हजारो लोक छिंदवाड्यावरून पचमढीला जातात, डोंगरातून पायी यात्रा करतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. पाऊस लागून राहिलेला. बॅग कापडातून गळली नाही, हे तिच्या बाजूने लिहितो. पण भर पावसात बॅगेत शिरणार कसे? चेन उघडली तेवढ्यात आत पाणी. ओले कपडे बदलायचे कुठे? पाठीवरची बॅग ठेवायची कुठे? तंबूत निदान बसता येतं, इथे आडवं पडण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. आणि ही श्वास घेणारी कापडं आतली वाफ बाहेर ढकलतात ती आत ओलावा जास्त आणि बाहेर कमी असला तरच. श्रावणात पचमढीला बाहेरची हवाच पाण्याने भिजलेली. वाफ जाणार कुठे? चेन लावली की गुदमरायला होतं, घामाने स्लीपिंग बॅग भिजते. चेन उघडली की पाऊस. शेजारी एका मंडळाचे लोक निळी पन्नी बांधून तिच्याखाली कोरडे ठाक, वर रात्री भजनही म्हणत होते.

म्हणजे साप-विंचवांचे दिवस पावसाळ्याचे, चेन लावायची खरी गरज तेव्हा, आणि तेव्हाच चेन लावून झोपवत नाही. या बॅगेबद्दल माझं मुख्य म्हणणं हे आहे. उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात रात्रीसुद्धा तीस अंश, कूलरसमोरून माणूस हलत नाही, तिथे बॅगेत कोण शिरतो?

इथपर्यंत लिहून दोन स्टार देणार होतो. मध्ये एक गोष्ट झाली. नागपुरात सीताबर्डीवर बॅगा, जॅकेटांच्या चेनी बसवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे बॅग घेऊन गेलो. अख्खी चेन बदलावी लागणार, कापडाला भोकं पडणार, पाणी शिरणार, या तयारीने गेलो होतो. त्यांनी चेन बोटांतून फिरवून पाहिली आणि म्हणाले, “चेन सही आहे न भाऊ, रनर फाकला. पाच नंबर आहे, उलटीचा.” डब्यातून रनर काढला, टोकाचे दोन टाके उसवले, जुना रनर काढून नवा चढवला, टोक पुन्हा शिवलं. रनरचे चाळीस, मजुरीचे वीस. जुना रनर हातात देऊन मागची कड दाखवली: एका बाजूची फट दुसरीपेक्षा स्पष्ट मोठी. “पक्कडीनं हलकं दाबलं असतं तरी दोन महिने काढले असते यानं,” म्हणाले. जोरात दाबू नका, तुटतो, हेही सांगितलं. बिघाड मोबाईलवर समजावून द्यायला कंपनीला चार दिवस लागले नसते, पण तसं सांगितलं तर कुरिअरचा खेळ कसा चालणार?

नवा रनर कंपनीच्या रनरपेक्षा हलका चालतो. कार्तिकात पुन्हा वावरात झोपलो, वळणावर दोन बोटांनी सरकतो. आता प्रत्येक मुक्कामानंतर जुन्या टूथब्रशने दात झाडतो आणि मेणबत्ती घासतो. तेल लावू नका, धूळ आणखी चिकटते. त्यामुळे बॅगेला साडेतीन स्टार, कंपनीला भोपळा. परवा तिच्याकडून दहा टक्के सवलतीचं कूपन आलं, किमान खरेदी पाच हजार. कोणाला हवं तर कोड देतो.

घ्यावी का? ज्याचं स्वतःचं वावर आहे आणि तिथवर गाडी जाते, त्याने बाज आणि मच्छरदाणी घ्यावी. माणूस जमिनीपासून वर राहतो, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली की मण्यार, विंचू, डास सगळे बाहेर, आणि वारा खेळता. मामा वर्षानुवर्षं हेच करतात आणि सकाळी त्यांना काही उलटं करून वाळवावं लागत नाही. बिव्ही त्यांच्यासाठी, ज्यांना सामान पाठीवर न्यायचंय आणि जे कार्तिक ते माघ एवढ्याच काळात बाहेर झोपतात. आडव्या अंगाच्या माणसाने दुकानात स्लीपिंग बॅगेसकट आत शिरून पाहावं. खांद्याला घट्ट बसली तर आतला कापूस दबतो आणि ऊब जाते. आत झोपूनच चेन एका हाताने पूर्ण लावून, पूर्ण उघडून बघावी. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

दिवाळीच्या सेलमध्ये चार हजारांच्या आत मिळाली तर घ्या. साडेसहाला घेऊ नका.