दोन जीबीच्या लॅपटॉपला कोणते लिनक्स मानवते?

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे कपाटावर पडलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या लॅपटॉपपुढे भंगार किंवा लिनक्स एवढेच मार्ग उरतात. ‘हलके लिनक्स घाला, मशीन नव्यासारखे पळेल’ हे मात्र अर्धेच खरे. डेस्कटॉप हलका करता येतो, ब्राउझर नाही. जीमेल, फेसबुक, यूट्यूब असे तीन टॅब उघडले की एक जीबीहून जास्त रॅम सहज जाते, खाली लिनक्स कुठलेही असो. म्हणून इथे कसोटी एकच लावली आहे: ब्राउझरसाठी किती रॅम शिल्लक राहते?

64 बिट प्रोसेसर आणि 4 जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घाला आणि विषय संपवा. सुरू झाल्यावर ती साधारण 700 ते 900 एमबी घेते, म्हणजे तीनेक जीबी ब्राउझरला उरतात. मिंट 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 2 जीबीवरही मिंट चालते, पण ‘चालते’ म्हणजे सुरू होते एवढेच. दुसऱ्या टॅबला हार्डडिस्क घरघरू लागते. एक सावधगिरी: टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती काढून ठेवणारे साधन) चालू कराल तर प्रती दोनच ठेवा, नाहीतर लहान एसएसडी काही महिन्यांत भरते आणि लोक दोष मिंटला देतात.

2 जीबीला खरा उतारा अँटिएक्स. डेबियन या जुन्या लिनक्सवर बेतलेले, सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीशिवायचे, आईसडब्ल्यूएम या हलक्या डेस्कटॉपवर चालणारे. रिकामे असताना 200 ते 300 एमबीत भागते. दिसायला ओबडधोबड, मेनूत एकाच कामाची तीन-तीन साधने. पहिल्या दिवशी डोके गरगरते. लॉगिनच्या पडद्यावर एफ1 दाबत गेल्यास डेस्कटॉप बदलतो, हे कुणी सांगत नाही, म्हणून चुकून दाबले की ‘मेनू गायब झाला’ अशी ओरड होते. पेनड्राइव्हवरून चालवताना वापरकर्ता आणि पासवर्ड दोन्ही ‘डेमो’, रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड ‘रूट’. वाय-फाय जोडायला कॉनमॅन नावाचे साधन आहे. ते मिंटइतके सरळ नाही. जुने ब्रॉडकॉम कार्ड दिसतच नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, त्या नेटवरून कार्डाचे फर्मवेअर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) घ्या. बसवून झाल्यावर झेडरॅम चालू करून त्याला रॅमच्या निम्मा आकार द्या. रॅममधलाच मजकूर दाबून ठेवला जातो आणि रॅम भरून तो संथ डिस्कवर हलवण्याची (स्वॅपची) वेळ उशिरा येते.

2008-09 च्या नेटबुकमधला ॲटम एन270 फक्त 32 बिट आहे. अँटिएक्स 23 ची 32 बिट आवृत्ती त्यावर बसते, पण क्रोमने 32 बिट लिनक्स 2016 मध्येच सोडले आणि फायरफॉक्सनेही आवृत्ती 144 नंतर सोडले. अशा मशीनकडून भजनांच्या एमपी3, पीडीएफ आणि साधे लेखन यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

आणखी दोन हलकी लिनक्स आहेत. लुबंटू वाईट नाही, पण त्यात फायरफॉक्स स्नॅप या जड पॅकेज स्वरूपात येते आणि जुन्या हार्डडिस्कवर पहिल्यांदा उघडताना जीव खाते. पप्पी झटपट आहे, सारे रॅममध्ये चढते. पेनड्राइव्हवरून चालवल्यास ती केलेले काम अधूनमधून किंवा बंद करतानाच पेनड्राइव्हवर उतरवते, म्हणजे मध्येच वीज गेली तर तेवढे काम गेले. जूनमध्ये पाऊस लागला की गोव्यात वीज किती वेळा जाते ते वेगळे सांगायला नको. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर पप्पी फक्त डेटा वाचवून काढायला वापरा. अपडेटच्या मध्यावर वीज गेली तर मिंट आणि अँटिएक्सही अडतात. मग टर्मिनलमधून अर्धवट पॅकेजे पुन्हा कॉन्फिगर करावी लागतात.

डिस्ट्रोला (मिंट, अँटिएक्स अशा लिनक्सच्या प्रकाराला) नावे ठेवण्याआधी मशीन उघडा. किनाऱ्याजवळच्या घरांत खारा दमट वारा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल तर संशय आधी त्या थरावर घ्या: पट्ट्या खोडरबराने हलके घासा, मग बूट मेनूतून मेमरी टेस्ट चालवा. सगळ्या वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असतील तर तारीख पाहा. बहुधा मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलेला असतो. पडदा काळाच राहिला तर मिंटच्या बूट मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर अडीच इंची साटा एसएसडीत घाला. तिने जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही. ती 7 मिमी जाडीची असते आणि जुनी जागा बहुधा 9.5 मिमीची, म्हणून सोबतची चौकट फेकू नका.

मराठी-कोंकणी टायपिंगसाठी मिंटमध्ये कीबोर्डच्या लेआउट पानावर ‘सिस्टिम डिफॉल्ट’ची खूण आधी काढा, तेव्हाच नवा लेआउट जोडता येतो. इन्स्क्रिप्टची सवय नसलेल्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा ‘मराठी कागप’ लेआउट बरा.

दुकानदारांनी एक गोष्ट आधीच तपासावी: प्रिंटर. एपसनची एल मालिका सहसा त्रास देत नाही. एचपी लेझरजेट 1020 ला एचपीलिपचे (एचपीच्या लिनक्ससाठीच्या प्रिंटर सॉफ्टवेअरचे) प्लगइन नेटवरून उतरवावे लागते. कॅनन एलबीपी 2900 मात्र कॅप्ट या कॅननच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो डोकेदुखी आहे. हिशेब विंडोजसाठीच बनलेल्या टॅलीवर आणि बिले 2900 वर निघत असतील तर काउंटरवरच्या त्या मशीनला हात लावू नका. लिनक्सचा प्रयोग घरच्या लॅपटॉपवर करा.